जित्या माणसाचं वेगळं ताट

मंजुळा वाघमारे हिच्यावर अन्याय झाला. पितरांच्या अमावास्येच्या आदल्या सोमवारी, सकाळी, बाया ओढ्यावरून हंडे भरून वर आल्या त्या वेळी. पेण तालुक्यातल्या आमच्या कातकरी वाडीवर, समाजमंदिराच्या ओट्यावर, सगळ्या वाडीसमोर.

पत्रक लिहायला शिकले तेव्हा संघटनेत मला सांगितलं होतं की पहिल्याच ओळीत कुणावर, कधी, कुठे ते लिहायचं, रडगाणं मागाहून. म्हणून तसं लिहिलं. मंजुळा माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. मी रंजना. आजार तिचाही आहे आणि माझाही. टीबी, दोघींना छातीचा. माझ्या गोळ्या अजून चालू आहेत. ज्यांना हा आजार झालाय त्यांनी हे वाचावं. ज्यांना झालेला नाही त्यांनी जास्त नीट वाचावं, कारण पुढची मागणी त्यांच्याकडे आहे.

ओट्यावर

वहिनीला पेणच्या सरकारी दवाखान्यात टीबी निघाला तेव्हा भात पोटरीला आलं होतं. गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला मळमळली, मग तिला भूक लागायला लागली. खोकला उतरला. शेजारची चांगी म्हातारी तिचा गालगुच्चा घेऊन म्हणाली, "मंजे, गालाव मास चढला गो तुज्या. आता नवऱ्याला घाबरव जरा." वहिनी हसली. हे मुद्दाम लिहिते. ती बरी होत होती.

त्या सोमवारी एका संस्थेची जीप आली. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण असं करणारी ती एकटी नाही. आदिवासींच्या आरोग्याचा प्रकल्प होता. त्यांच्या मॅडम चांगल्या होत्या, आवाज गोड होता, पोरांना खाऊ आणला होता. त्यांनी वहिनीला पुढे बोलावलं, ओट्यावर उभं केलं आणि वाडीला सांगितलं, "या ताईंना क्षयरोग झालाय. घाबरायचं नाही. फक्त यांचं ताट, वाटी, पेला वेगळा ठेवायचा. कळलं का?"

"व्हय," वाडी म्हणाली.

आमची वाडी बाहेरच्या माणसाला व्हयच म्हणते. पटलं तरी व्हय आणि 'झाला असंल तर निघा आता' असं म्हणायचं असलं तरी व्हय. ऐकणाऱ्याला फरक कळायला लागतो.

मग त्यांनी भेट काढली. नवं कोरं स्टीलचं ताट. भांड्यांच्या दुकानात असतं तसं नाव घालायचं मशीनही बरोबर होतं. वायर समाजमंदिराच्या बोर्डात घातली. "पूर्ण नाव?" मॅडमनी विचारलं. दादानं सांगितलं. टर्रर्र, टर्रर्र करत ताटाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी वहिनीचं नाव उमटलं. मॅडमनी ताट तिच्या हातात दिलं, फोटो काढला, टाळ्या वाजवल्या. वाडीतून एकही टाळी आली नाही.

आता आमच्यात काय असतं ते सांगते. आम्ही एका ताटात जेवतो. मधे भात, कडेला कालवण, चारी बाजूंनी हात. बाया एका ताटात, पोरं एका ताटात. ज्याचं-त्याचं ताट असं काही नसतंच. वर्षातून एकदा, पितरांच्या अमावास्येला, घरातल्या मेलेल्यांची पानं मांडतात, तेव्हा मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं. घरातलं वडीलधारं माणूस एकेकाचं नाव घेऊन हाक मारतं, ये, जेव, नि जा. आमच्या वाडीत नाव घेऊन वेगळं पान फक्त मेलेल्याला मांडतात.

जीप वळणाआड गेली, तशी चांगी म्हातारी ओट्याच्या पायरीवर बसली नि म्हणाली, "जितीचा पान मांडलंन गो. नाव घालून मांडलंन. आता ते हाक मारतील तिला."

कुणी तिला गप बस म्हणालं नाही.

अमावास्या

माझी आई, आमची आये, भोळी आहे, दांडगाई करणारी नाही. मॅडमनी सांगितलं म्हणून तिनं वहिनीला त्याच ताटात वाढायला सुरुवात केली. तिला वाटलं, शिकलेली बाई सांगते, सून वाचेल. अमावास्येला तिनं भिंतीकडेला पानं मांडली. एक आज्याचं, एक आजीचं, एक माझ्या बापाचं. चुलीपाशी जागा थोडी. वहिनीचं ताट त्याच ओळीत आलं.

वहिनीनं ओळीकडे बघितलं. बापाच्या पानावर भात, तिच्या ताटात भात. ती उठून बाहेर गेली. त्या दिवशी जेवली नाही आणि पुढेही नीट जेवेना. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की ओकायची. मग गोळ्याही टाकायला लागली.

मी तिला समजावायला बसले. माझं ते कामच आहे. म्हटलं, "वैनी, ताटानं कोण मरत नाय."

"मंग येगला कशाला केलंन?"

मी सभेत कुणाला गप्प बसवायचं ठरवलं तर बसवते. तिच्यापुढे मात्र मी नुसतं गोळ्यांचं पाकीट सरकवलं.

"मेल्याला गोळ्या कशाला, रंजे?" ती म्हणाली, अगदी साधेपणानं, मीठ संपलंय म्हणावं तसं. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. रडत म्हणाली असती तर इतकी वाटली नसती.

दिवाळीनंतर मुकादमाचा टेंपो आला. दादा आणि वहिनी रोह्याकडच्या वीटभट्टीवर गेले. ताट ती कुडात खोचून ठेवून गेली, आणि त्याच्या मागे गोळ्यांची पाकिटं.

भट्टीवर

मलाही खोकला होताच. आमच्या सगळ्यांच्या आवाजाची घोषणा देऊन वाट लागलेली असते, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. संघटनेतली पोरं चिडवायची, "सरकारनं रंजनाचा घसाच जप्त केला." मीपण हसायचे. संध्याकाळी अंगात बारीक तापाची कसर यायची, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

वहिनीला परत आणायचंच असं ठरवून मी पेणहून गाडीत बसले, रोह्याला उतरले आणि भट्टी शोधत गेले. ती डोक्यावर विटा वाहत होती. चालताना पोलक्यात पाठीचे मणके दिसत होते. मला बघून थांबली, पण विटा उतरवल्या नाहीत.

"चल वैनी. दवाखान्यात जाऊ."

"आदी आपला तोंड बघ आरशात. कावल्यासारखी दिसतंस."

मी हसले आणि हसताना खोकला आला. तो थांबेना. ओळीनं मांडलेल्या कच्च्या विटांवर मी वाकले. राखाडी विटेवर लाल पडलं. मला वाटलं, विटेचाच रंग. मग दुसऱ्यांदा पडलं.

वहिनीनं डोक्यावरच्या विटा खाली फेकल्या. आजूबाजूला बघितलं आणि मुकादम यायच्या आत पायानं माती ओढून त्या विटेवर टाकली. आमच्या वाडीतल्या बाया रक्ताला ओरडत नाहीत, पण ती त्या विटेवर पुन्हा पुन्हा माती ओढत राहिली. दादानं कुणाची तरी मोटारसायकल मागून आणली आणि मला रोह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वहिनी भट्टीवरच राहिली. मी मागे वळून बघितलं तेव्हा ती त्या विटेपाशी उभी होती.

ज्या दिवशी कळलं

डॉक्टर माझ्याहून फार मोठी नसावी. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. तिनं छातीचा फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "उजवीकडे छातीत पाणी झालंय. काढावं लागेल."

छातीत पाणी कसं होतं हे विचारायचं होतं. मोर्चात तहसीलदाराला प्रश्न विचारणारी मी, तिथे नुसती मान हलवली. मला पाठमोरी बसवलं. सुई गेली. बाटलीत पिवळं पाणी यायला लागलं, थांबेचना. एवढं पाणी छातीत घेऊन मी भाषणं करत होते.

थुंकीचा रिपोर्ट आला. "टीबी आहे," डॉक्टर म्हणाली. "बरा होतो. पण गोळी चुकवायची नाही."

मी किती सभांमध्ये ओरडले असेन, टीबीनं माणसं मरतात आणि सरकार झोपतं! त्या खाटेवर मला माझ्याच वाक्याचा फक्त पहिला अर्धा भाग ऐकू येत होता.

वॉर्डात

आये पहिल्या एसटीनं आली आणि माझ्या खाटेखाली पथारी टाकून राहिली. वॉर्डाचा दिवस फिनेलच्या वासानं सुरू व्हायचा. मग चहा, गोळ्या, डॉक्टरांची फेरी आणि त्यानंतर छताकडे बघणं.

गोळ्या सुरू झाल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी संडासात गेले आणि लघवी लाल आली. मी भिंतीला धरून उभी राहिले. आधी छातीतून रक्त, आता खालूनही. वाटलं, आतून सगळंच फाटलं. बाहेर आले ती रडतच. शेजारच्या खाटेवर खाडीकडची एक आगरी काकू होती, मिठागरावर कामाला जाणाऱ्या सुनेबद्दलच्या तिच्या तक्रारी सबंध वॉर्डाला पाठ झाल्या होत्या. तिनं मला जवळ ओढलं.

"काय झाला गो?"

मी कसंबसं सांगितलं.

"रगत नाय ते, बाय. गोलीचा रंग हाय. माजा पन तसाच व्हता. मी तं नवऱ्याला बोललू, जा, भटजीला सांग तयारी करायला." ती स्वतःच हसत सुटली, हसता हसता खोकली, आणि मग आम्ही दोघी खोकलो.

हे तुम्हाला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. गोळ्यांनी लघवी लाल-केशरी होते. ते रक्त नसतं. गोळी सोडू नका. मला हे एक वाक्य आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर त्या भिंतीला धरून मी जे भोगलं ते टळलं असतं.

पूर्ण नाव

आणि मग मॅडम आल्या. त्याच. त्यांचा प्रकल्प रोह्यातही होता. खाटेखाटेला हसत फिरत होत्या. मला ओळखलं नाही. वाडीत मी गर्दीत होते. मागे एक माणूस मशीन घेऊन होता. सिस्टरच्या टेबलामागच्या बोर्डात त्यानं वायर घातली.

"पूर्ण नाव सांगा, ताई."

मला ओरडायचं होतं. पत्रकातली सगळी वाक्यं जिभेवर होती. पण अंगात ताप होता, पाठीत सुईची जखम होती, आणि मी घाबरले होते. मी माझं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट.

टर्रर्र.

ताट खाटेवर ठेवून मॅडम पुढे गेल्या. आयेनं ते उचललं, उपडं केलं आणि खाटेखाली सारलं. माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही.

मी शिकलेली आहे. भगताकडे नेऊ नका म्हणून मी घरोघर फिरले आहे. मेलेली माणसं हाक मारत नाहीत हे मला माहीत आहे. आणि तरीही दुपारी डोळा लागला की मला बाप दिसायचा, भिंतीकडेला पानावर बसलेला, शेजारची जागा हातानं साफ करत. माहीत असण्यानं भीती जात नाही. आये मला डब्याच्या झाकणात भात द्यायची. तो घशाखाली उतरेना. वजन उतरत चाललं. डॉक्टर रोज विचारायची, "जेवत का नाही?" आणि मी म्हणायचे, भूक नाही. वहिनीनंही पेणच्या दवाखान्यात हेच सांगितलं असणार.

दोन हात

भट्टीला सुट्टी होती त्या दिवशी वहिनी आली. दादा बाहेर थांबला. सिस्टरनं तिच्या तोंडाला मास्क लावला, तो तिनं हनुवटीवर ओढून घेतला. फडक्यात भाकरी आणि भाजलेली सुकट बांधून आणली होती. वॉर्डभर वास सुटला. आगरी काकू म्हणाली, "देवा, मला पन कोन तरी वैनी दे."

"ताट दी," वहिनी म्हणाली.

आये हलली नाही. वहिनी खाली वाकली आणि उपडं ताट तिच्या हाताला लागलं. तिनं ते सुलटं केलं. तिला अक्षर येत नाही. पण काठावरचे ठिपके तिनं बोटानं चाचपले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि माझ्याकडे बघितलं.

"तुजापन केलंन?"

मी मान हलवली. मला रडूच आलं. ताट खाटेवर ठेवलं तेव्हा न आलेलं रडू.

वहिनीनं ताट मांडीवर घेतलं. मला वाटलं, आता ही उठेल आणि त्या अमावास्येसारखी निघून जाईल, आणि मी या खाटेवर एकटी राहीन. पण तिनं फडकं सोडलं. भाकरी त्या ताटात मोडली. वर सुकट टाकली. मास्क काढून पदरात बांधला, खाटेवर माझ्यासमोर मांडी घातली आणि ताट दोघींच्या मधे ठेवलं.

"खा."

"वैनी..."

"मेलेला एकटा जेवतो. दोघींनी हात घातला की ह्ये पान ऱ्हाणार नाय, ताट व्हईल. घाल हात."

तिनं आधी हात घातला. मग मी. खूप दिवसांनी मला मिठाची चव लागली. आये खाटेखालून वर आली, तिनंही एक तुकडा उचलला. आम्ही तिघी त्या नावाच्या ताटात जेवलो.

तेवढ्यात डॉक्टर फेरीवर आली. आयेनं हात मागे घेतला. आम्ही शिव्या खायची तयारी केली. पण डॉक्टरनं ताटाकडे बघितलं, काठावरचं नाव वाचलं, मग भाकरीनं भरलेलं माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "इतके दिवस जेवत नव्हतीस. आज काय झालं? तुमच्यात वेगळं ताट म्हणजे काय असतं?"

कुणीतरी पहिल्यांदा विचारलं. वहिनीनं सांगितलं. पानांची ओळ, हाक, सगळं. डॉक्टर खाटेच्या कडेवर बसली.

"ताटानं टीबी पसरत नाही," ती म्हणाली. "खोकल्यातून पसरतो. हवेतून. बंद खोलीत जास्त."

वहिनीनं विचार केला. "मंग त्या बायनं त्वांड सोडून ताट का धरलंन?"

डॉक्टर हसली, मग हसायची थांबली. वहिनीच्या पदरातला मास्क तिनंच सोडला आणि तिच्या हातात दिला. "हा तोंडाला. ताट राहू दे. आणि तू मला थुंकी देऊन जा."

वहिनीनं दिली.

अजून

वहिनीचा टीबी गेला नव्हता, वाढला होता. मधेच गोळ्या सोडल्यामुळे जुन्या गोळ्या तिला लागू पडतील की नाही, हे आधी तपासायला हवं होतं. तो रिपोर्ट येईपर्यंत मला स्वतःच्या छातीची आठवणही झाली नाही. रिपोर्ट आला. गोळ्या लागू पडत होत्या. डॉक्टर म्हणाली, फुप्फुसाचा जो भाग गेला तो गेला, बाकीचा वाचवू. सगळं ठीक होईल असं ती म्हणाली नाही. मी वाट बघत होते, पण म्हणाली नाही.

मॅडम पुन्हा वॉर्डात आल्या तेव्हा माझ्या अंगात थोडी ताकद आली होती. मी विचारलं, "आमच्यात नाव घालून वेगळं ताट कुणाला मांडतात, माहीत आहे?"

मी सांगितलं तशा त्या पांढऱ्या पडल्या. "पण वाडीत कुणी बोललं नाही," त्या म्हणाल्या. "मी विचारलं होतं."

"तुम्ही 'कळलं का' विचारलंत, मॅडम. 'तुमच्यात काय असतं' हे नाही विचारलंत."

त्या म्हणाल्या, वर कळवते. वाईट बाई नव्हती. म्हणूनच मला जास्त धास्ती वाटते. वाईट माणसाला वाडी हाकलून देते. चांगल्या माणसाला व्हय म्हणते.

आता आम्ही दोघी वाडीवर आहोत. दादानं पडवीबाहेर मांडव घातला, आयेनं चूल बाहेर काढली. आमच्या कुडाच्या घराला खिडकी नाही, म्हणून जेवण उघड्यावर, वाऱ्यात. खोकला आला की वहिनी तोंडाला पदर लावते आणि मान वळवते. चांगी म्हातारी लांबून ओरडते, "लाजली गो नवरी!" एका वेळी ताट एकच. तिचं आणि माझं अशी दोन्ही स्टीलची ताटं आम्ही आता भात काढायला वापरतो, आळीपाळीनं, नाव न बघता.

पण संध्याकाळी वहिनी खोकते तेव्हा मी हातातलं काम थांबवून ऐकते. ओला खोकला की कोरडा. किती खोल. आये पण ऐकत असते. आम्ही एकमेकींना सांगत नाही. ती बरी होत होती, हे मी वर लिहिलं आहे. तिच्या छातीतला जो भाग गेला तो एका ताटानं नेला.

तशी नाव घातलेली ताटं पेण-रोह्याच्या किती वाड्यांवर कुडात खोचलेली आहेत, मला माहीत नाही. त्यांच्यामागे किती गोळ्या आहेत, तेही माहीत नाही. ज्यांनी वाटली त्यांनी ती परत गोळा करावीत, आणि या वेळी मशीन न आणता यावं, जेवायच्या वेळी यावं, आणि बसावं.

आणि तुम्ही. तुमच्या घरात मोरीच्या वर किंवा खिडकीत एक कप वेगळा ठेवलेला असेल. आजारी सासूचा, खोकणाऱ्या भाच्याचा, किंवा अंगणात काम करायला येणाऱ्या आमच्यातल्या बाईचा. तो कुणाचा हे घरात सगळ्यांना माहीत असतं. तिलाही माहीत असतं. वाचून झालं असेल तर उठा. तो कप धुवा आणि बाकीच्या कपांत ठेवा. आणि उद्या चहा ओताल तेव्हा, कुठला कुणाचा ते शोधू नका.